कौसामावशीचा उजवा हात

इथले अमानवीय अनुभव मी बरेच दिवस वाचतेय आणि खरं सांगू... बहुतेकांवर माझा काडीचा विश्वास बसलेला नाही. आमचं घर बौद्ध. नवस, अंगारे, दृष्ट काढणं यातलं काहीच वडिलांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. त्यात मी फिजिओथेरपिस्ट, राहात्याला माझं छोटं क्लिनिक आहे. स्वीडिश, थाई, डीप टिश्यू, कपिंग - मालिशीचे सगळे प्रकार मला माहीत आहेत आणि निम्म्यांवर माझा संशय आहे. 'नस चढली' म्हणून कुणाकडून तरी मान कडाकडा मोडून घेतलेली माणसं शेवटी माझ्याच टेबलावर येतात. थोडक्यात, मला फसवणं सोपं नाही.

माझ्या मुलाचा, सम्यकचा, जन्म अवघड झाला. खांदा अडकला आणि उजव्या हाताच्या नसा ताणल्या गेल्या. हात लोंबायचा - कोपर ताठ, तळवा मागे वळलेला. असे हात मी पुस्तकात पाहिले होते, पण पोटच्या पोराचा तसा हात बघताना पुस्तक कामाला येत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "तीन महिन्यांत कोपर दुमडला नाही, तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

मी तेव्हा माहेरी, अकोल्यात होते. (आपल्या नगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे.) आईनं मला न विचारताच बाळाला चोळायला कौसामावशी ठरवली. साठीची बाई. गल्लीतली सगळी बाळं तिच्याच पायांवर न्हालेली. "तुलाही तिनंच चोळलंय," आई म्हणाली. आता यावर काय बोलणार?

ती पाटावर पाय लांब करून बसायची आणि मी समोर पोलिसासारखी. माझी ताकीद होती, उजवा हात ओढायचा नाही. आणखी एक. अंघोळ झाली की ती दोन्ही हात बाळाच्या तोंडावरून फिरवायची, स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडायची आणि म्हणायची, "तुझी पिडा माझ्या अंगावर." पहिल्याच दिवशी मी अडवलं. "मावशी, हे आमच्याकडे चालत नाही."

"बोटं माझी, कानशील माझं," ती हसली. "तुमचं काय जातंय, डाक्टरीनबाई?"

पण थांबली. त्यानंतर कधी केलं नाही... शेवटच्या दिवसापर्यंत.

सम्यक अकरा आठवड्यांचा होता. क्लिनिकमधून फोन आला म्हणून मी दोन मिनिटं ओसरीवर गेले. परत येऊन बघते, तर तिनं त्याचे दोन्ही हात धरून छातीवर घडी घातलेली. उजवासुद्धा! माझं डोकंच फिरलं. नाही नाही ते बोलले. त्यातलं एक वाक्य मला आजही झोपू देत नाही. "त्याचा हात कायमचा गेला, तर तुमचा देणार आहात का त्याला?"

तिनं त्याचे हात सोडले. बाळाला पुसलं, दुपट्यात गुंडाळलं. मग माझ्याकडे बघत दोन्ही हात त्याच्या तोंडावरून फिरवले आणि कानशिलांवर बोटं मोडली. दहाच्या दहा वाजली.

"दिला की," म्हणाली. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशी. आणि गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सम्यकनं उजवी मूठ उचलून तोंडात घातली. कोपर दुमडून! मी जमिनीवर बसून रडले. आता यात अमानवीय काही नाही. अशी बरीच बाळं आपोआप सुधारतात, मी स्वतः कितीतरी आयांना हे समजावलंय. विषय तिथेच संपायला हवा होता.

आठवड्यानं आई बाजारातून आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. "कौसाचा हात गेला गं. उजवा."

माझी पहिली प्रतिक्रिया सांगते, लाज वाटली तरी. मला वाटलं, नाटक आहे. मी अपमान केला म्हणून गावभर माझं नाव खराब करायचंय हिला. मी तावातावाने तिच्या घरी गेले.

ती खाटेवर पडली होती. हात बाजूला लोंबत होता - कोपर ताठ, तळवा मागे वळलेला. नेमका तसाच.

आमच्या पेशात एक युक्ती असते. हात उचलून चेहऱ्यावर धरायचा आणि सोडायचा. सोंग करणाऱ्याचा हात नाक चुकवून बाजूला पडतो. मी तिला न सांगता हात उचलला आणि सोडला. तो धप्पकन नाकावर पडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झाली व्हय तपासनी?" एवढंच म्हणाली.

लकवा असेल म्हणून मीच तिला नगरला नेलं. मेंदूचा स्कॅन स्वच्छ. मग नसांची टेस्ट झाली. डॉक्टर रिपोर्ट उलटसुलट बघत म्हणाले, "ही इजा बरीच जुनी आहे. बाळंतपणात खांदा अडकला की होते तशी. यांना हे जन्मापासूनच असणार."

"नाही हो," मी म्हणाले. "याच हातानं त्यांनी माझं बाळ चोळलंय. मी रोज समोर बसायचे."

त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती, पेशंटच्या गोष्टी ऐकताना मी तशीच बघते.

सम्यक आता अडीच वर्षांचा आहे. दोन्ही हातांनी चेंडू फेकतो. मी दर पंधरा दिवसांनी अकोल्याला जाऊन मावशीच्या हाताला व्यायाम देते. फरक शून्य. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. "म्हातारीला आता काय करायचाय त्यो? लई पोरं चोळली त्यानं."

मागच्या खेपेला मी तेल गरम करत होते. सम्यक तिच्यासमोर उभा राहिला, टाचा उंचावल्या आणि दोन्ही हात तिच्या तोंडावरून फिरवले. कुठे पाहिलं त्यानं? घरात कुणी असं करत नाही. हात तो आपल्या कानशिलांकडे नेऊ लागला...

मी तेल सांडून धावले आणि त्याचे दोन्ही हात मुठीत आवळून धरले. तो कळवळून रडायला लागला तरी सोडले नाहीत. मावशी माझ्याकडे बघत होती. मला वर बघवेना.

"धर, पोरी," ती म्हणाली. "म्या बी धरलं असतं."

याचं कारण मला सापडलेलं नाही. रिपोर्ट मी चार जणांना दाखवलेत. विश्वास म्हणाल, तर आजही नाही. पण आता तिच्याकडे जाताना मी बिस्किटांचा पुडा नेते, आणि सम्यकला तिच्याजवळ बसवण्याआधी त्याच्या दोन्ही हातांत एकेक बिस्कीट देते.