‘खारो वारो’मधली रिकामी जागा

परवा रविवारी वेंगुर्ल्यात एका काजू कारखान्याच्या अंगणात आमच्या बँडचा पहिला अल्बम लोकांना ऐकवला. प्रोग्रेसिव्ह मेटल… म्हणजे लांबलचक गाणी, सारखा बदलणारा ताल आणि मी. मी ग्राउल करते, पोटातून घोगरा आवाज काढून गाते. शेजारणीच्या मते ओकते.

कारखाना बाबांच्या मित्राचा. सीझन संपला की मागची शेड रिकामी असते, तिथेच आमची प्रॅक्टिस चालते. गिटारवाला सुफियान बांद्याहून एसटीने येतो, गिटार मांडीवर घेऊन. ड्रमर आणि बेसवाला इथलेच. चौघांच्याही कपड्यांना भाजलेल्या काजूचा वास असतो.

अल्बम चांगला झालाय. उगाच नम्रपणा कशाला… चांगलाच झालाय. भांडण होतं ते फक्त शेवटच्या गाण्यावरून.

‘खारो वारो’ त्याचं नाव. त्यात मी समुद्राशी बोलते. होड्या रिकाम्या परत येतात, आमच्यासाठी पण काहीतरी ठेव, असं म्हणते. एक ओळ झाली की सगळी वाद्यं गप्प. तीन-चार सेकंद काहीच नाही, मग पुढची ओळ. ओळी लहानमोठ्या, एकीचं माप दुसरीला नाही, पण प्रत्येकीनंतर ही रिकामी जागा आहेच.

मिक्सिंग करणारा कौस्तुभ पुण्याहून आला होता. गुणी मुलगा, पण हट्टी. त्याचं म्हणणं, ऐकणाऱ्याला वाटेल फाईल करप्ट आहे. सुफियानही त्याच्या बाजूने गेला… फितूर मेला. मी कचाकचा भांडले. पण ती जागा का हवी, हे माझं मलाच सांगता येईना, आणि त्यानेच डोकं जास्त फिरलं. एवढंच कळत होतं की ती गेली तर गाणं मेलं.

शेवटी ठरलं, लोकांसमोर एकदा वाजवायचं. त्या जागांमध्ये लोक स्पीकरकडे बघायला लागले तर कापून टाकायचं. मी रागाच्या भरात हो म्हटलं.

संध्याकाळी अंगण भरलं. कारखान्यातल्या बायका, बंदरावरचे लोक, आमची शेजारीणसुद्धा. चहा आणि खाजा ठेवला होता, त्यामुळे कोण कशासाठी आलं ते विचारू नका. बाबा मागे भिंतीला टेकून बसले होते. बाबांची मासेमारीची होडी आहे. माझ्या गाण्याला ते ‘तुझा ता आरडणा’ म्हणतात… रागाने नाही, वारा पडलाय म्हणावं तसं.

कौस्तुभने लॅपटॉपवर अल्बम लावला. आधीची गाणी लोकांनी सोसली. मग ‘खारो वारो’ सुरू झालं. पहिली ओळ संपली, वाद्यं थांबली आणि दोन-चार माना स्पीकरकडे वळल्याच. कौस्तुभने माझ्याकडे बघितलं. संपलं, म्हटलं.

दुसरी ओळ लांब आहे, श्वास संपेपर्यंत जाते. ती संपली, वाद्यं थांबली… आणि मागून, भिंतीकडून आवाज आला.

“व्हय म्हाराजा!”

बाबा.

जे आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. काहीही सुरू करायचं तर इथे देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण पुढे उभा राहून मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्यानंतर थांबतो. तिथे बाकीचे सगळे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. नारळी पुनवेला बंदरावर आमचे बाबा गाऱ्हाणं घालतात, आणि लहानपणापासून मी त्यांच्या मागे उभी राहून व्हय म्हाराजा म्हणत आलेय. मागायचं बाप्यांनी आणि आम्ही पोरींनी व्हय म्हणायचं, अशी रीत.

तिसऱ्या ओळीनंतर कोणाला सांगावं लागलं नाही. अख्खं अंगण म्हणालं. काजूवाल्या बायका, बंदरावरचे, तोंडात खाजा असलेली शेजारीण… सुफियानसुद्धा! नंतर मलाच म्हणतो, “माका कळलाच नाय गो, तोंडातसून गेला.” क्रिकेटच्या स्पर्धेलासुद्धा पहिला बॉल टाकायच्या आधी गाऱ्हाणं असतं आमच्याकडे, तो तरी कसा सुटणार.

आयुष्यात पहिल्यांदा मी मागत होते आणि बाबा व्हय म्हणत होते. मी ढसाढसा रडले. लिहायला लाज वाटत नाही.

गाणं संपल्यावर त्यांच्याकडे गेले. ते जरा ओशाळले होते. मी विचारलं, शब्द कळले का?

“शब्द काय कळले नाय,” बाबा म्हणाले. “पण तू मागतंस, ता कळला. गाऱ्हाणा घातल्यार व्हय म्हणूकच व्हया.”

एका वेबसाइटवाल्यांनी आम्हाला इन्फ्लुअन्सेस विचारले होते. आम्ही ऐटीत स्वीडन-नॉर्वेचे बँड लिहून दिले. खोटं नाही ते, त्यांना ऐकतच मोठे झालो. पण ओळ हवी तेवढी लांबवायची आणि मग नेमकं कुठे थांबायचं, हे मी स्वीडनकडून शिकले नव्हते… बंदरावर बाबांच्या मागे उभी राहून शिकले, आणि मलाच पत्ता नव्हता. आज उत्तर दुरुस्त करून पाठवलं. पहिलं नाव बाबांचं.

कौस्तुभने तर पार कोलांटउडीच मारली. लगेच माईक काढून म्हणाला, लोकांचा आवाज रेकॉर्ड करून त्या जागांमध्ये टाकू. मघाशी कापायला निघालेला माणूस आता भरायला निघाला! मी नाही म्हटलं. आणि ह्यावेळी मला कारण सांगता आलं. गाऱ्हाणं घालणाऱ्याने व्हय स्वतःच म्हणून घ्यायचं नसतं.

अल्बम शुक्रवारी येतोय. जोरात लावून ऐका. शेवटच्या गाण्यात मध्येच सगळं गप्प झालं, तर फाईल करप्ट नाहीये. माझं मागून झालेलं असेल… तिथे तुम्ही बोलायचंय.