कुलर बंद होता ती दुपार

लग्नानंतरचा माझा नागपुरातला तो पहिला उन्हाळा. वाळ्याच्या वासात पेंगता पेंगता मी चालू कुलरमध्ये पाणी भरायला उठले आणि ओला हात पत्र्याला लागला. झटक्याने मी मागे फेकले गेले. एरवी माझ्याशी मोजकंच बोलणाऱ्या सासूबाईंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

"काहून वं, बटन बंद केल्याबिगर हात लावला? तुले काही झालं असतं म्हणजे?" त्या माझा हात धरून ओरडल्या.

मिस्त्री येऊन अर्थिंगची निसटलेली तार जोडेपर्यंत त्या माझा हात चोळत, पदराने वारा घालत राहिल्या. पंखे थांबलेल्या घरात दुपार संथ तरंगत होती. त्या माझ्या माहेराबद्दल विचारत होत्या आणि मी अर्धवट झोपेत उत्तरं देत होते.