पिलात म्हणता येईना तेव्हा

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ नुकताच सुरू झाला होता. एका सकाळी चूळ भरायला गेलो आणि पाणी तोंडात राहीना. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून सगळं सदऱ्यावर सांडलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा माझाच होता, अर्धा कुणीतरी खाली ओढून धरल्यासारखा दिसत होता. डावा डोळा मिटत नव्हता. बायको घाबरून मला तशीच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून धीर दिला. मेंदूला काही झालेलं नाही, चेहऱ्याच्या नसेला सूज आहे, गोळ्या आणि व्यायाम करा, सावकाश बरं होईल, म्हणाले. परत येताना रिक्षात बायकोने कपाळावर क्रुसाची खूण केली आणि देवाचे आभार मानले. मी मात्र तोंडावर रुमाल धरून हळूच "कोल्हापूर" म्हणून पाहिलं. "कोल्हाफूर" असं काहीतरी फुसकं बाहेर आलं.

कोल्हापूरच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारणं हे माझं काम. आवाजावरच माझं पोट. पण साहेबांनी रजा लगेच मंजूर केली, त्यामुळे नोकरीची चिंता तितकी नव्हती. काळजी वेगळीच होती. आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या दुपारी येशूच्या दुःखसहनाची कथा वाटून वाचतात. येशूची वाक्यं फादर वाचतात, जमावाची वाक्यं सगळी मंडळी मिळून म्हणतात, आणि मधली कथा निवेदक सांगतो. कित्येक वर्षं तो निवेदक मी होतो. वर्षभरात मला याहून प्रिय दुसरं काम नाही. आता त्या कथेत माणसं कोण कोण, तर येशूचा शिष्य पेत्र, त्याचा न्याय करणारा सुभेदार पिलात, दरोडेखोर बरब्बा. ओठ मिटल्याशिवाय एकाचंही नाव घेता येत नाही. शेवटी येशू प्राण सोडतो ते वाक्य येतं, आणि त्यानंतर सगळं चर्च गुडघे टेकून स्तब्ध होतं. नेमका तिथेच माझा ओठ फसला आणि कुणी खुदकन हसलं तर? "देवा, तुझ्याच कामाचं तोंड तूच वाकडं केलंस," असं मी रुसून म्हणायचो, आणि तेही नीट म्हणता यायचं नाही.

राजारामपुरीत एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी जाऊ लागलो. तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण आणि हसऱ्या होत्या. गालाला यंत्राचे झटके दिल्यावर त्या म्हणायच्या, "आता प, ब, म येणारं काहीतरी मोठ्यानं वाचा. काहीही चालेल." माझ्या पिशवीत वाचनाची पुस्तिका होतीच. पडद्याआड बसून मी पुटपुटत वाचू लागलो. दुसऱ्याच दिवशी पडद्यापलीकडून खणखणीत आवाज आला.

"ओ पावणं, जरा मोठ्यानं वाचा की! निम्मं हिकडं पोचतच न्हाय."

पलीकडच्या खाटेवर खांद्याला शेक घेत एक म्हाताऱ्या बाई पडल्या होत्या. कागलजवळच्या एका खेड्यातून एसटीने येत. म्हशींच्या धारा काढून काढून खांदा आखडलेला. त्यांना सगळे आक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. गुड फ्रायडेच्या वाचनाचं मी त्यांना सांगितलं होतं, पण येशूची गोष्ट त्यांनी कधी ऐकलेली नव्हती. चर्चमध्ये ती सगळ्यांना पाठ असते. पुढे काय होणार हे ज्याला माहीत नाही असा श्रोता आपल्याला कधी मिळालाच नव्हता, हे मला तेव्हा प्रथमच जाणवलं. पेत्राने तिसऱ्यांदा "मी त्याला ओळखत नाही" म्हटलं तेव्हा आक्का पडद्याआडून ओरडल्या, "आरं द्येवा! संगं जेवलेला माणूस न्हवं ह्यो?" उच्चार चुकला की लगेच टोकायच्या. "हेत्र न्हाय, पेत्र म्हणा. दाबा ओठ, दाबा!" मॅडम हसून बेजार व्हायच्या. मीही हसायचो, वाकडा का होईना. हसताना गालाची नस हळूहळू जागी होते आहे, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा तर आक्कांनी पडद्यापलीकडून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली, अर्थात चांगल्या हाताने.

आमची दोघांची वेळ एकच ठरून गेली. मात्र वाचन कधी पुरं होत नसे. रोज पहिल्यापासून सुरू करायचो, आणि पिलाताच्या वाड्यापर्यंत पोचलो की माझा तरी ओठ थकायचा नाहीतर त्यांचा शेक संपायचा.

पवित्र आठवड्यात चर्चमध्ये तालीम झाली. डोळा आता मिटत होता, बोलणं बरंच सुधारलं होतं. पण माइकसमोर उभा राहिलो आणि भीतीने ओठ पुन्हा सैल पडला. "पिलात" चार वेळा निरनिराळा निघाला. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी मुद्दाम खाली पाहिलं, आणि तेच मला जास्त लागलं. फादर खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "तुम्ही ठरवा. तुम्ही सांगाल ते मला मान्य." दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना माझं ठरलं होतं. संध्याकाळी फादरांना फोन करायचा आणि सांगायचं, दुसऱ्या कुणाला द्या. हे मी बायकोलाही बोललो नव्हतो.

आक्कांचा तो दवाखान्यातला शेवटचा दिवस होता. मी पुस्तिका काढली नाही तसा त्यांनी पडदाच बाजूला सारला.

"आज वाचायचं न्हाय व्हय? असू दे. शुक्रवारी तुमच्या देवळात येतोय मी. सुनेला सांगून ठेवलंय, त्या दिवशीच्या सांजच्या धारा तुझ्याकडं."

मी चकित होऊन विचारलं, "आक्का, एवढ्या उन्हात कशाला?"

"कशाला म्हंजे? त्या पोराची आय कुठं हाय त्ये अजून सांगितलंच न्हाईसा तुम्ही. लेकरावर एवढं बेतलंय आन् आय घरात बसंल व्हय? माझा जीव लागून ऱ्हायलाय. तुम्हीच वाचा बरं का. दुसऱ्या कुणाचं मला कळायचं न्हाय."

फोन करायचा माझा निर्णय तिथेच गळून पडला. त्या बाईंना माझ्या मनातलं काहीच ठाऊक नव्हतं. तरी मला ज्याचं उत्तर हवं होतं त्याच प्रश्नावर त्या बोलल्या. याला काय म्हणायचं ते मी ठरवत बसलो नाही. त्या संध्याकाळी प्रार्थनेत पहिल्यांदाच देवाकडे ओठ मागितला नाही. म्हटलं, जसा आहे तसा उभा राहतो, पुढचं तू बघ.

शुक्रवारी चर्च भरलं होतं. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे नेहमीची उपासना, नसतो, वेदीवर कापड नसतं, फुलं नसतात, घंटाही वाजत नाही. आणि आक्का आल्या त्या जास्वंदीच्या फुलांची पिशवी घेऊन! मोकळ्या हाताने कसं यायचं, म्हणाल्या. मी घरी सांगितलेल्या वर्णनावरून बायकोने त्यांना दारातच ओळखलं आणि हाताला धरून पुढच्या बाकावर आपल्याशेजारी बसवलं. मी वाचू लागलो. पेत्र नीट निघाला. पिलात एकदा घसरला, मग सावरला. जमावाची पाळी आली आणि सगळं चर्च एका आवाजात "त्याला क्रुसावर द्या" म्हणालं, तेव्हा आक्का दचकून मागे वळल्या आणि साऱ्या मंडळींकडे अशा रागाने पाहू लागल्या की मीच क्षणभर थांबलो. त्या नजरेपुढे आमची सवयीची वाक्यं एकदम खरी झाली. मग क्रुसाजवळ उभी असलेली आई आली, आणि तिला सांभाळायला येशूने शिष्याकडे सोपवलं ते आलं. आक्कांनी पदर डोळ्यांना लावला.

आता ते वाक्य. मी श्वास घेतला, पण नजर आक्कांच्या पदराकडे गेली आणि ओठ मिटलाच नाही. "प्राण" या शब्दाच्या जागी नुसता एक श्वास बाहेर पडला. माइकमधून तो सगळीकडे ऐकू गेला. कुणी हसलं नाही. एकामागून एक सगळे गुडघ्यांवर आले. बायकोच्या आधाराने आक्काही खाली टेकल्या. इतकी शांतता मी त्या चर्चमध्ये कधी अनुभवली नव्हती. मीही गुडघे टेकले, आणि भीती कुठे गेली ते कळलंच नाही.

क्रुसाला वंदन करायच्या वेळी आक्का रांगेतून गेल्या. पिशवीतली जास्वंद त्यांनी क्रुसाच्या पायाशी ओतली. फादरांनी मान डोलावून ती राहू दिली. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आयची सोय लावून गेला, चांगलं केलं. पर लई वंगाळ झालं वो."

"आक्का, गोष्ट संपलेली नाही," मी म्हणालो. "रविवारी तो पुन्हा उठतो."

"जित्ता व्हतो?" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की उपवासाच्या गंभीर चेहऱ्याने बाहेर पडणारी मंडळी थबकली. "मग आदी सांगायचं न्हाईसा व्हय! उगं रडवलंसा मला!" फादर दारात उभे होते. त्यांना हसू आवरेना.

आज मी पुन्हा गाड्या पुकारतो आहे. थकलो की डावा कोपरा अजून जरासा मागे राहतो, त्याचं काही वाटत नाही. वाचनाची पाळी आली की आता मी घसा साफ करत बसत नाही. समोरच्या बाकांवरून एकदा नजर फिरवतो. यातलं कुणीतरी आज हे पहिल्यांदा ऐकत असेल, त्याच्यापर्यंत पोचव, एवढंच देवाला म्हणतो आणि तोंड उघडतो.