कार्सिनोमा म्हणजे खेकडा

मित्रांनो, आज दुपारी आईचा रिपोर्ट मिळाला. त्यात ‘कार्सिनोमा’ असं लिहिलं होतं. मी नववीपर्यंतच शिकलोय, म्हणून एकेक अक्षर तपासून मोबाईलवर शोधलं.

शब्द प्राचीन ग्रीक निघाला. गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा तिथल्या वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या होत्या. आपल्या कर्करोगातला कर्कही खेकडाच.

“काय बरयलां रे बाबू?” रिपोर्टात काय लिहिलंय, ते आईनं विचारलं.

“गाठ आसा. ऑपरेशन बेगीन करूक जाय.” लवकर करायला हवं, एवढंच मी सांगितलं.

“आदी देवळात कौल घेवया. देवाची पाकळी उजवेन पडली तर करया.”

“आनी डावेन पडली तर?”

“तर नाका.” एवढं बोलून ती निवांत तांदूळ निवडायला बसली.

कौल सोमवारी आहे. देवाच्या मूर्तीला चिकटवलेली फुलाची पाकळी उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर नकार. हा कर्करोग आहे, हे तिला अजून ठाऊक नाही. मला फार भीती वाटतेय. पाकळी पडण्याआधी तुम्ही तुमच्या आईला सांगितलं असतं का?