कूलरमधलं पाणी

बरकतपुऱ्यात आम्ही राहायला गेलो तेव्हा नळाला पाणी एक दिवसाआड यायचं आणि डास रोज. नवी शीतपेयं तेव्हा मोठ्या प्लास्टिकच्या बाटल्यांतून बाजारात आली होती. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात प्रत्येक मीटिंगला ती लागायची आणि रिकाम्या बाटल्या तो घरी आणायचा.

त्या वर्षी लेकीला डेंग्यू झाला. ती वाचली. पुन्हा झाला तर जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी हात धुऊन डासांच्या मागे लागले. बाटली अर्धी कापायची, बाहेरून काळा रंग द्यायचा, आत पाणी भरून कडेला जुन्या कापडाची पट्टी लावायची. डासाची मादी तिथे अंडी घालते. आठवड्याच्या आत ते पाणी कोरड्या जमिनीवर ओतलं, की अळ्या मरतात. हे मी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन, कुणी विचारलेलं नसताना सांगितलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची; त्यांनी ऐकून घेऊन वर चहा पाजला. बाकीच्यांनी नुसतंच ऐकून घेतलं.

आमच्या घरच्या चार बाटल्या ओतून पुन्हा भरायचं काम सासूबाईंकडे होतं. त्या मराठवाड्यातल्या, लहानपणी दोन कोसांवरून पाणी आणलेल्या. भाजी धुतलेलं पाणी त्या फरशीला वापरत आणि फरशीचं उरलं तर झाडाला घालत.

उन्हाळ्याच्या शेवटी लेकीला पुन्हा ताप आला. रक्त तपासायला दिलं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. भीतीने मी कुणाशी धड बोलत नव्हते. खाला तिला बघायला आल्या, कूलरजवळ बसल्या आणि थोड्या वेळाने उठून त्यांनी कूलरची मागची जाळी काढली.

"गल्ली के पूरे मच्छरां तुम्हारेच कूलर में पल रैं, बेटी," त्या शांतपणे म्हणाल्या.

टाकीत अळ्या वळवळत होत्या. सासूबाईंनी काही लपवलं नाही. दर आठवड्याला चारही बाटल्यांचं पाणी त्या कूलरमध्ये ओतत होत्या. कूलरला कसलंही पाणी चालतं, असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला नातीपेक्षा पाणी जास्त मोलाचं आहे, असं मी त्यांना खालांसमोर सुनावलं. त्याची मला आजही लाज वाटते.

रिपोर्टमध्ये डेंग्यू नव्हता. साधा ताप निघाला. कूलरची गोष्ट खालांनी कुणाला सांगितली नाही, मीच घरोघरी जाऊन सांगितली. त्यानंतर मात्र गल्लीत बाटल्या दिसायला लागल्या.

पुढच्या रविवारी सासूबाई बाटल्या घेऊन भर दुपारी गच्चीवर गेल्या. बराच वेळ खाली आल्या नाहीत, म्हणून मी वर गेले. पाणी ओतून झालं होतं. डोक्यावर पदर घेऊन त्या ओल्या जागेकडे बघत उभ्या होत्या.

"वाळस्तोवर थांबते," त्या म्हणाल्या.

मी खाली जाऊन त्यांच्यासाठी छत्री आणली.