लस दिलीय, असं मी म्हणालो

चाळीत आम्ही कुत्रा पाळला त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. मी कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. बायकोच्या भावाकडे, देहूरोडला, दोन दिवस जायचं ठरलं आणि कुत्र्याचा प्रश्न आला. एकटा ठेवला की तो दिवसभर रडायचा, शेजारी वैतागायचे. म्हणून बरोबर घेतला.

कुत्र्याचं वेगळं तिकीट असतं, त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवावं लागतं, हे मला ठाऊक होतं. बायको म्हणालीसुद्धा, "रीतसर नेऊ या." पण त्या अंधाऱ्या पेटीत तो घाबरेल, असं मला वाटलं. खरं तर तिकिटाच्या खिडकीपाशी उभं राहायचा कंटाळा होता. पिंपरीला गाडी आली तसा मी त्याला सरळ आमच्या डब्यात चढवला आणि बाकाखाली सरकवला. तोंडाला जाळी नव्हती, साखळी पायाखाली दाबलेली.

चिंचवडला गर्दी चढली. हातात अवजारांची पिशवी घेतलेले एक पन्नाशीचे गृहस्थ आत सरकले आणि त्यांचा पाय कुत्र्याच्या शेपटीवर पडला. कुत्र्यानं त्यांची पोटरी धरली. मी ओढेपर्यंत पायजमा फाटून रक्त आलं होतं.

ते ओरडले नाहीत. बाकाला धरून त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, याला लस दिलीय ना?"

सगळा डबा माझ्याकडे बघत होता. "दिलीय," मी म्हणालो.

बायकोनं मान वळवली. लस दिलेली नव्हती.

"मग ठीक," ते म्हणाले. पिंपरी कॅम्पात बाजारामागे आपलं गॅरेज आहे, एवढं बोलण्यात आलं. देहूरोडला आम्ही उतरलो, ते पुढे गेले.

भावाकडे पोचलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं पिशवी भरली आणि म्हणाली, "त्या माणसाचं काही झालं तर मी तुमच्याबरोबर राहू शकणार नाही. चला."

परत येऊन चार गॅरेजं विचारली तेव्हा ते सापडले. एका स्कूटरपाशी लंगडत काम करत होते. पोटरीला फडकं होतं. घरच्यांनी जखमेत तिखट भरलं होतं.

"चाचा, मी खोटं बोललो," मी म्हणालो. "लस दिलेली नाही."

त्यांनी पाना खाली ठेवला. "कालपासून मी नमाज पढून आरामात बसलो होतो," ते म्हणाले. "तुमच्या शब्दावर."

त्याच पावली आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला सुनावलं ते सुनावलंच. रोज पोटात एक इंजेक्शन. कुत्र्यावर चाव्याच्या दिवसापासून दहा दिवस नजर ठेवायची. तो धड राहिला तर सुया थांबतील.

पुढचे आठ दिवस चाचा सुई टोचून घेऊन पोट धरत आमच्या दारात यायचे. आत यायचे नाहीत. बायको चहा पुढे करायची, ते उभ्यानंच प्यायचे आणि लांबून कुत्र्याला निरखायचे.

"पाणी प्याला?"

"प्याला."

"तुम्ही नका सांगू. बाई, तुम्ही सांगा."

पाचव्या दिवशी कुत्र्यानं भाकरी तोंडाला लावली नाही. मी त्याच्यासमोर उकिडवा बसून राहिलो, कामावर गेलोच नाही. संध्याकाळी त्याला उलटी झाली, चिंध्यांचा बोळा पडला आणि तो उठून पाणी प्याला. चाचा आले तेव्हा बायकोनं त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते उंबऱ्याबाहेर जमिनीवर टेकले.

दहा दिवस भरले. कुत्रा निरोगी होता. डॉक्टरांनी सुया थांबवल्या. मी कुत्र्याला लस देऊन आणली आणि चिठ्ठी दाखवायला गॅरेजवर गेलो. त्यांनी ती वाचली, घडी घालून परत दिली.

"अल्लाची मेहेर," ते म्हणाले, आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

त्यानंतर बाजारात कितीदा गाठ पडली. बायकोला ते "कसं काय, बाई?" विचारायचे. मला बघून फक्त मान हलवायचे. कुत्र्याला मी पुन्हा गाडीत नेलं ते तिकीट काढून, पेटीतच. बायकोनं मात्र नंतर कधीही, माझ्या तोंडचं एखादं साधं "हो" ऐकलं तरी, क्षणभर थांबून माझ्याकडे बघायची सवय सोडली नाही.