घासून लख्ख केलेल्या पट्ट्या

आमच्या आईच्या मांडणीपासून सुरुवात करते, म्हणजे पुढचं नीट कळेल. भांडी सगळी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ठोके पडलेली, पण अशी लख्ख की शेजारची पोरं त्यात तोंड बघून भांग पाडायची. आई म्हणायची, "आपल्या घरात कुणाला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये." ती 'आपल्या' या शब्दावर का जोर द्यायची, ते मला मोठं झाल्यावर समजलं. तोवर हाताला सवय लागून गेली होती. काळं दिसलं की घास.

लोडशेडिंगचे दिवस होते ते. घरोघरी स्टॅबिलायझर हवा असायचा, म्हणून उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या आमच्या गाळ्यात कामाला तोटा नव्हता. मी अंबरनाथला शिवमंदिराच्या मागच्या बाजूला राहायचे, तिथून यायचे. माझं काम ट्रान्सफॉर्मरमध्ये पट्ट्या भरायचं. पुठ्ठ्याइतक्या पातळ लोखंडी पट्ट्या, काही इंग्रजी ई-सारख्या, काही आय-सारख्या. तांब्याच्या तारेचं तयार वेटोळं समोर घ्यायचं आणि त्यात एक पट्टी या बाजूनं, एक त्या बाजूनं, अशी गच्च थप्पी बसवायची. तार गुंडाळणारी बाई माझ्या शेजारच्याच टेबलावर. बदलापूरहून, शिरगावातून यायची. नवरा गेलेला, दोन मुली. मशीनवर बसून तार गुंडाळायचं स्वतःच बघून बघून शिकलेली. आमच्यात तिचा मान कारागिराचा, कारण एक तार दुसऱ्या तारेवर चढली तर सगळं वाया, आणि तिची कधी चढायची नाही.

पट्ट्या अंबरनाथच्या भट्टीतून यायच्या. रंग निळसर काळा, तव्याच्या बुडासारखा. मला त्या कळकट वाटायच्या. शाळा माझी सातवीपर्यंतच, बाकी सगळं मी लोकांना विचारून विचारून शिकले. पण हे कधी विचारलं नाही. काळं म्हणजे मळ, त्यात काय विचारायचं?

दसऱ्याला सेठ मशीनची पूजा करायचे. आमचं त्या दिवशी पांढरं पातळ आणि विहार, त्यामुळे पूजेला मी नसायचे. म्हणूनच आधीच्या साफसफाईत माझा हात सगळ्यांच्या पुढे. त्या वर्षी सेठ दोन दिवस मालाच्या खरेदीला बाहेर होते. सगळं झाडूनपुसून झालं तरी माझ्या डब्यात पट्ट्या उरल्या होत्या, तीनेक ट्रान्सफॉर्मरपुरत्या. पॉलिश पेपर घेतला आणि दोन दिवस बसून एकेक पट्टी दोन्ही बाजूंनी घासली. चांदी झाली नुसती! बायका म्हणाल्या, "ताई, आता यांचे दागिने करा." मी फुशारकीनं त्या लगेच वेटोळ्यांत भरूनही टाकल्या. थप्पी झाली की आतली चकाकी दिसत नाही, दिसतात फक्त कडा.

दसरा झाला. सुपरवायझरनं ट्रान्सफॉर्मर तपासायला घेतले. तीन ट्रान्सफॉर्मरवर मीटरचा काटा नको तेवढा वर गेला. भुंग्यासारखे गुणगुणायला लागले, अर्ध्या तासात हात ठेववेना.

"वायंडिंग शॉर्ट आहे," तो म्हणाला.

"माझं वायंडिंग शॉर्ट नाही," तार गुंडाळणारी म्हणाली.

"मग काय पट्ट्या शॉर्ट आहेत?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू.

त्यानं तिला मशीनवरून उठवलं आणि पॅकिंगला बसवलं. थर्माकोल आणि खोके. नवा माणूस बघतो, असंही सेठना तिच्यासमोरच बोलला. खोक्याला चिकटपट्टी लावताना तिची बोटं उगाचच हवेत फिरत होती, तार गुंडाळल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी ते तिन्ही खोलायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्यातून पट्टी ओढली, चकचकीत. दुसऱ्यातून ओढली, चकचकीत. तिसरा खोलायच्या आधी मी कपाट उघडून बघितलं. तिनंच गुंडाळलेले त्याच आठवड्यातले बाकीचे ट्रान्सफॉर्मर, काळ्या पट्ट्यांचे, तपासणीत न तापता पास होऊन तिथे ठेवलेले होते. तार तिचीच. वेगळं होतं ते फक्त माझं.

आणि मी गप्प बसले. मनाशी म्हणत राहिले, मला काय कळतंय, सुपरवायझर शिकलेला आहे. तेव्हाही ते मला पटत नव्हतं. माझ्या हातात घाण नव्हती कधी, चूकही नसणार, असा एक हट्ट होता आत. आईच्या मांडणीतून आलेला.

दोन दिवसांनी भट्टीवाले मामा टेम्पोतून नवे डबे घेऊन आले. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "मामा, हा काळा रंग कशाचा? धूळ असते का भट्टीची?"

"धूळ?" मामा हसायलाच लागले. "अहो बाई, त्याच्यासाठीच तर खटाटोप! पट्टी भट्टीत लाल करायची, मग जरा उतरली की आत वाफ सोडायची. वाफेनं लोखंडाला ही कातडी धरते. ही मध्ये असली म्हणजे एका पट्टीतली वीज दुसरीत शिरत नाही. नाहीतर पातळ पट्ट्या कापल्या कशाला, एकच ठोकळा नसता घातला? ठोकळ्यात वीज आतल्या आत गरगरते आणि तापते."

मग त्यांनीच विचारलं, "घरी बिडाचा तवा तारेच्या घासणीनं घासता का?"

"नाही."

"मग?"

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडत होते. मी एक काळी आणि एक चकचकीत पट्टी सेठच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आवाज बारीक येत होता. कसं घासलं, कधी कळलं, तेही.

"अरे बाई," सेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "दो दिन से बोली क्यूं नहीं?" मग काळी पट्टी बोटांत फिरवत बसले. "चलो, बताया तो मैंने भी नहीं किसी को."

सुपरवायझरनं खोललेल्या तिन्हींतलं तिचंच एक वेटोळं घेतलं, मी त्यात काळ्या पट्ट्या भरल्या. काटा खाली आला, जिथे यायला हवा तिथे. सेठ तिच्याकडे वळून म्हणाले, "जा, तुझ्या मशीनवर बस." ती हातातला खोका पूर्ण बंद करूनच उठली.

माझ्याशी ती बोलली संध्याकाळी, नळावर हात धुताना.

"ताई, घासलंत त्याचा राग नाही. माहीत नव्हतं, तर नव्हतं. पण परवा माझ्यासमोर बसून पट्ट्या काढत होतात, तेव्हा कळलं होतं ना?"

"हो."

ती नळ बंद करून उभी राहिली. "मी घरी जाऊन मुलींच्या शिवणाच्या दोऱ्यावर हात चालवून बघत होते. म्हटलं, माझा हातच गेला की काय."

 

घासलेल्या पट्ट्या पुन्हा भट्टीला गेल्या. माझ्या हट्टानं मीच घेऊन गेले, आणि मामांनी वाफ सोडली तेव्हा लांब उभी राहून बघितलं. परत आल्या त्या काळ्याभोर, निळसर झाक मारणाऱ्या. मी फडक्यानंसुद्धा पुसल्या नाहीत. तिच्या नव्या वेटोळ्यात हळू हळू बसवल्या आणि तो ट्रान्सफॉर्मर तपासायला लावला.

ती मशीन थांबवून उठून आली. काटा बघितला, पण तेवढ्यावर गेली नाही. स्टूल ओढून तिथेच बसून राहिली, चांगला अर्धा तास. मग तळहात ट्रान्सफॉर्मरवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"कोमट आहे," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच.